मेलिओइडोसिसच्या न्यूमोनियात छातीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन कसा वाचावा

भातलावणीच्या दिवसांत ताप, खोकला आणि दम घेऊन आलेल्या मधुमेही रुग्णाच्या एक्स-रेवर फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला की अहवालात ‘क्षयरोग’ लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. बहुतेक वेळा तो शब्द बरोबर निघतो आणि त्यामुळेच उरलेल्या थोड्या वेळी झालेली चूक कोणाच्या लक्षात येत नाही. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा माती-पाण्यात राहणारा जिवाणू अशाच डागांच्या आड लपतो. त्याच्यामुळे होणाऱ्या मेलिओइडोसिसवर क्षयाच्या औषधांचा उपयोग होत नाही, आणि सेफ्ट्रिअॅक्सोन व अॅझिथ्रोमायसिन ही न्यूमोनियाची नेहमीची जोडीही त्यावर भरवशाची नाही. थायलंडचा ईशान्य भाग आणि ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक येथील डॉक्टरांना हा आजार रोजच्या ओळखीचा आहे. भारतात कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, तमिळनाडू आणि ओडिशा येथून तो कळवला जातो. गोव्यात आणि महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

पुढील टप्पे निवासी डॉक्टर, तालुका-जिल्हा पातळीवरील फिजिशियन आणि रेडिओलॉजिस्ट यांच्यासाठी आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: निव्वळ फिल्मवरून, म्हणजे एक्स-रेच्या प्रतिमेवरून, मेलिओइडोसिसचे निदान होत नाही, ते कल्चरवरूनच (नमुन्यातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून) होते. फिल्म वाचणाऱ्याचे काम योग्य वेळी योग्य शंका लिहिणे हे आहे, आणि चूक घडते ती नेमकी तिथेच.

तयारी: फिल्म लावण्याआधी विचारायचे प्रश्न

‘ताप-खोकला’ एवढाच मजकूर असलेल्या विनंतीपत्रावर अहवाल लिहू नये. वॉर्डात फोन करून किंवा रुग्णाशी स्वतः बोलून चार गोष्टी जाणून घ्याव्यात.

1. आजार किती दिवसांचा आहे? ‘बरेच दिवस’ हे उत्तर स्वीकारू नये. शेवटचे पूर्ण दिवस काम केले ती तारीख विचारली की खरा कालावधी कळतो.
2. मधुमेह आहे का, आणि साखर किती आहे? मेलिओइडोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह असतो. त्याखालोखाल अतिमद्यपान, मूत्रपिंडाचा जुना विकार, फुप्फुसाचा जुना विकार, थॅलेसेमिया आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स येतात.
3. चिखलपाण्याशी संबंध आला का? चिखलणी, लावणी, विहिरीचा उपसा, पुराचे पाणी, बांधकामाची खोदाई यांची नावे घेऊन विचारावे. ‘मातीशी संबंध आला का’ असे मोघम विचारले तर शेतकरीसुद्धा नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते रोजचेच काम असते.
4. क्षयाची औषधे सुरू आहेत का? कधीपासून, कशाच्या आधारावर, आणि ताप उतरला का?

सावधान: मधुमेह नाही असे रुग्णाने सांगितले म्हणून शंका सोडू नये. अनेकांची वाढलेली साखर याच आजारपणात पहिल्यांदा उघडकीस येते.

टप्पा 1: फिल्म वाचण्याजोगी आहे का, हे ठरवणे

दम लागलेल्या रुग्णाची फिल्म बहुधा खाटेवरच, समोरून किरण सोडून आणि अपुऱ्या श्वासावर घेतलेली असते. अशा फिल्मवर हृदय मोठे दिसते, फुप्फुसांचे तळ गर्दी झाल्यासारखे पांढरट दिसतात आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले लहान नोड्यूल (गाठीसारखे गोल ठिपके) त्या पांढरेपणात हरवतात. रुग्ण उभा राहू शकत असेल तर पाठीकडून किरण सोडून, पूर्ण श्वास भरून नवी फिल्म घ्यावी. उभा राहू शकत नसेल तर अहवालात फिल्मची मर्यादा लिहावी आणि ‘तळाचे भाग स्वच्छ आहेत’ असे विधान टाळावे.

टप्पा 2: आजाराचा वेग पकडणे

हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा हाच आहे. रुग्णाच्या पिशवीतल्या, खासगी दवाखान्यात काढलेल्या किंवा नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये असलेल्या सगळ्या जुन्या फिल्म तारखेच्या क्रमाने लावाव्यात. प्रत्येक फिल्मवर किती लोब (फुप्फुसाचे खंड) बाधित आहेत, डागाची सर्वांत मोठी रुंदी किती आहे आणि कॅव्हिटी (पोकळी) आहे का, या तीनच गोष्टी नोंदवाव्यात.

तीव्र मेलिओइडोसिसमध्ये सोमवारी एका लोबमध्ये असलेले कन्सॉलिडेशन (हवेच्या जागी द्रव भरून घट्ट झालेला भाग) गुरुवारपर्यंत दुसऱ्या लोबमध्ये किंवा दुसऱ्या फुप्फुसात पोहोचलेले असू शकते, आणि त्याच काळात त्यात पोकळीही पडू लागते. प्रौढांतला फुप्फुसाचा क्षय सहसा इतक्या घाईने पुढे सरकत नाही. जुनी फिल्म मिळाली नाही तर 48 तासांनी त्याच पद्धतीने दुसरी घ्यावी.

पडताळा: दोन फिल्मची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीने घेतल्या आहेत ना? उभ्याने घेतलेली पहिली आणि झोपून घेतलेली दुसरी यांत दिसणारी ‘वाढ’ कधी कधी केवळ स्थितीतल्या फरकाची असते.

टप्पा 3: तीन साच्यांपैकी कोणता, हे ओळखणे

मेलिओइडोसिसच्या फुप्फुसातील खुणा ढोबळमानाने तीन साच्यांत बसतात. साचा ओळखला की पुढे काय शोधायचे तेही ठरते.

पहिला साचा लोबच्या कन्सॉलिडेशनचा. एक किंवा अधिक लोबमध्ये ढगाळ, घट्ट झालेला भाग दिसतो. वरचे लोब अधिक वेळा बाधित होतात, पण खालचे लोब सुटतातच असे नाही. सुरुवातीला हा साचा न्यूमोकॉकसच्या साध्या न्यूमोनियासारखाच असतो; पुढच्या काही दिवसांत डाग पसरणे आणि त्यात लवकर पोकळी पडणे यांतून फरक कळतो.

दुसरा साचा रक्तातून पसरलेल्या आजाराचा. रक्तात जिवाणू पसरले की दोन्ही फुप्फुसांत अस्पष्ट कडांचे, साधारण 4 ते 10 मिलिमीटरचे नोड्यूल विखुरलेले दिसतात. ते वाढतात, एकमेकांत मिसळून मोठे ठिपके बनतात आणि काहींच्या मध्यभागी पोकळी पडते. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘मिलिअरी क्षय’ असा शेरा. मिलिअरी क्षयाचे ठिपके 1 ते 3 मिलिमीटरचे, जवळजवळ सारख्याच आकाराचे आणि बाजरी पेरल्यासारखे असतात. मेलिओइडोसिसचे नोड्यूल मोठे, कमीजास्त आकाराचे आणि कडांना पुसट असतात. शंका असेल तर मॉनिटरवर मोजपट्टी लावून दहा नोड्यूल खरोखर मोजावेत. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून मी स्वतः हा शेरा चुकवलेला आहे, आणि त्या दिवसापासून मोजल्याशिवाय ‘मिलिअरी’ हा शब्द लिहीत नाही.

तिसरा साचा रेंगाळलेल्या आजाराचा. आठवडे किंवा महिने चाललेला ताप, घटलेले वजन, अधूनमधून थुंकीत रक्त, आणि फिल्मवर वरच्या लोबमध्ये ठिपके, तंतुमय ओढ व पोकळ्या यांचे मिश्रण, असे हे चित्र असते. क्षयाची हुबेहूब नक्कल करणारा साचा हाच, आणि थुंकीत जंतू न सापडताही महिनोन् महिने क्षयाचे उपचार चालू राहिलेले रुग्ण मुख्यतः याच गटातले.

टप्पा 4: क्षयापासून वेगळे करणाऱ्या खुणा क्रमाने तपासणे

एकही खूण एकटी निर्णायक नाही. सगळ्या एकत्र मांडल्यावरच पारडे कुठे झुकते ते कळते.

अ. फुप्फुसाचे अगदी वरचे टोक पाहावे. क्षय बहुधा त्या टोकाशी आणि वरच्या लोबच्या मागच्या भागात घर करतो. मेलिओइडोसिसचा डाग वरच्या लोबमध्ये असूनही अगदी वरचे टोक तुलनेने मोकळे राहण्याकडे कल असतो.

आ. कॅल्शियमचे कण शोधावेत. मेलिओइडोसिसमध्ये ते दुर्मीळ असतात. मात्र जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे कण त्याच फुप्फुसात आधीपासून असू शकतात, हे आपल्या देशात विसरून चालणार नाही.

इ. हायलम (फुप्फुसाचे मूळ, जिथून श्वासनलिका व रक्तवाहिन्या आत शिरतात) आणि मध्यछातीतील लसिका गाठी पाहाव्यात. मेलिओइडोसिसमध्ये त्या मोठ्या होणे कमी आढळते, पण ‘गाठी आहेत म्हणजे मेलिओइडोसिस नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण मध्यछातीत पू भरलेल्या गाठी असलेले रुग्णही नोंदले गेले आहेत.

ई. पोकळीची भिंत आणि आतला भाग पाहावा. पोकळ्या पातळ भिंतीच्या किंवा वेड्यावाकड्या कडांच्या असू शकतात. आत द्रवाची आडवी पातळी क्वचितच दिसते.

उ. फुप्फुसाभोवतालचे पाणी पाहावे. ते थोड्याच रुग्णांत असते. असले तर ते पू आहे का, हे सुई घालून तपासावे आणि तो नमुना कल्चरला पाठवावा.

सावधान: मधुमेही रुग्णाला क्षय आणि मेलिओइडोसिस दोन्ही एकाच वेळी असू शकतात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तरी योग्य औषधांवर रुग्ण झपाट्याने खालावत असेल, तर कल्चरची मागणी मागे घेऊ नये.

टप्पा 5: सीटी स्कॅनची योग्य मागणी करणे

केवळ छातीचा सीटी मागणे ही या आजारातली महागडी चूक आहे. शंका बळकट असेल तर छाती, पोट आणि ओटीपोट यांचा एकत्र, शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत अवयव उजळवणारे औषध) देऊन सीटी मागवावा. कॉन्ट्रास्टशिवाय यकृत, प्लीहा (पाणथरी) आणि प्रोस्टेटमधली (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतली) लहान गळवे सहज निसटतात. पोटाच्या भागासाठी कॉन्ट्रास्ट सोडल्यापासून सुमारे 70 सेकंदांनी घेतलेली फेरी पुरते.

मागणी करण्याआधी क्रिअॅटिनिन तपासावे, कारण या आजाराचे रुग्ण बरेचदा मधुमेहाने मूत्रपिंड थकलेले असतात. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) 30 च्या खाली असेल किंवा मूत्रपिंड अचानक बिघडत असेल, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध थांबवावे, 48 तासांनी मूत्रपिंडाचे काम पुन्हा तपासूनच ते सुरू करावे आणि कॉन्ट्रास्टचा निर्णय फिजिशियनसोबत घ्यावा. कॉन्ट्रास्ट देता आला नाही तर पोटाची सोनोग्राफी करावी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेटचे गळू दिसेलच याची खात्री नसते. तिथे एमआरआय उपयोगी पडतो. लहान मुलांत किरणोत्सर्ग टाळण्यासाठी सोनोग्राफीपासून सुरुवात करावी.

छातीच्या प्रतिमा 1 ते 1.25 मिलिमीटर जाडीच्या घ्याव्यात. 5 मिलिमीटरच्या जाड कापांवर नोड्यूलची मांडणी कळत नाही, आणि पुढचा टप्पा पूर्णपणे त्या मांडणीवर उभा आहे.

टप्पा 6: छातीचा सीटी वाचण्याचा क्रम

क्रम बदलला की ठळक पोकळीवर नजर खिळते आणि बाकीचे राहून जाते. म्हणून पोकळी सर्वांत शेवटी पाहावी.

1. प्रथम फुप्फुसाच्या विंडोवर (फुप्फुस स्पष्ट दिसावे अशा उजळपणाच्या मांडणीवर), रुंदी 1500 आणि पातळी उणे 600 ठेवून, नोड्यूलची मांडणी पाहावी. नोड्यूल फुप्फुसावरणाला आणि लोबमधल्या फटींना चिकटलेलेही दिसत असतील आणि कोठेही कसेही विखुरलेले असतील, तर ते रक्तावाटे आलेले आहेत. आवरणापासून थोडे अंतर राखून फुटव्यांसारखे दिसत असतील तर प्रसार श्वासनलिकांवाटे झाला आहे, आणि तिथे क्षयाकडे कल वाढतो.
2. मग प्रत्येक लोबमधले कन्सॉलिडेशन मोजावे आणि बाधित लोबची संख्या लिहावी. ही संख्या उपचारांसाठी लागते. शिरेतून द्यायची औषधे किमान 2 आठवडे चालतात आणि आजार अनेक लोबमध्ये असेल, मध्यछातीतील गाठी असतील किंवा खोल गळवे असतील तर तो काळ वाढवावा लागतो.
3. मध्यछातीच्या विंडोवर लसिका गाठी, त्यांच्या मध्यातला काळपट द्रवाचा भाग आणि फुप्फुसाभोवतालचे पाणी पाहावे. जाड, उजळणारे आवरण असेल तर पू गृहीत धरून पुढची पावले उचलावीत.
4. आता पोकळी: किती, कोठे, भिंत किती जाड, शेजारी कन्सॉलिडेशन आहे का.
5. शेवटी हाडांच्या विंडोवर मणके, बरगड्या आणि खांद्याचे सांधे पाहावेत. या आजारात हाडे व सांध्यांतही पू होतो, आणि छातीच्या सीटीत दिसणारा मणक्याचा बदल वाचायचा राहून जाणे फार सोपे असते.

टप्पा 7: पोट आणि ओटीपोट

फुप्फुसातली प्रतिमा दुमत ठेवणारी असते. पोट बरेचदा ते दुमत मिटवते. यकृतातले गळू अनेक लहान खणांचे, मधाच्या पोळ्यासारखे दिसू शकते. प्लीहेत एक किंवा अनेक लहान गळवे असू शकतात. मधुमेही रुग्णात न्यूमोनियाबरोबर यकृत आणि प्लीहा दोन्हींत गळवे दिसली, तर मेलिओइडोसिस नाकारणारे कल्चर हातात येईपर्यंत तोच आजार आहे असे मानून चालणे मी योग्य समजतो.

पुरुष रुग्णात प्रोस्टेट आवर्जून पाहावे. लघवीची तक्रार नसतानाही तिथे गळू असू शकते. यकृत-प्लीहेतली लहान गळवे औषधांनी विरघळतात, पण प्रोस्टेटमधला पू बहुधा काढावा लागतो. मूत्रपिंडेही याच फेरीत पाहावीत.

पडताळा: क्लेबसिएला हा जिवाणूसुद्धा मधुमेही रुग्णात न्यूमोनिया आणि यकृताचे गळू एकत्र घडवतो. एचआयव्हीबाधितांत क्षयामुळेही प्लीहेत बारीक गळवे होतात. म्हणून पोटातल्या खुणा सापडल्या तरी ‘खात्रीशीर’ हा शब्द लिहू नये.

टप्पा 8: पावसाळ्यातले इतर सोबती

लेप्टोस्पायरोसिसमध्ये फुप्फुसात रक्तस्राव होऊन दोन्हीकडे धुरकट छटा दिसते. कावीळ आणि मंदावलेली लघवी सोबत असते, पण पोकळ्या पडत नाहीत. स्टॅफिलोकॉकसचे रक्तातून आलेले नोड्यूल कडेकडेला असतात व लवकर पोकळ होतात; इथे फरक फिल्मवर नव्हे, रक्ताच्या कल्चरवरच होतो. अनियंत्रित मधुमेहात मध्यभागी धुरकट आणि भोवती घट्ट कडे असा डाग दिसला तर म्युकरमायकोसिसची शंका घ्यावी. दीर्घकाळ स्टेरॉइड्स घेणाऱ्या रुग्णात नोकार्डिया अगदी असेच नोड्यूल आणि पोकळ्या घडवतो.

टप्पा 9: अहवाल लिहिणे

‘इन्फेक्टिव्ह एटिऑलॉजी, क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे’ या वाक्याने कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही. निष्कर्षाच्या जागी साधारण असे लिहावे:

“उजव्या वरच्या व मधल्या लोबमध्ये कन्सॉलिडेशन, त्यात लवकर पडलेली पोकळी, दोन्ही फुप्फुसांत 4 ते 9 मिलिमीटरचे विखुरलेले नोड्यूल, 3 दिवसांपूर्वीच्या फिल्मच्या तुलनेत स्पष्ट वाढ. प्लीहेत दोन लहान गळवे. मधुमेह आणि शेतीकामाचा इतिहास पाहता मेलिओइडोसिसची शक्यता विचारात घ्यावी. रक्त, थुंकी, लघवी आणि उपलब्ध पू यांची कल्चर तातडीने पाठवावीत. क्षयाच्या तपासण्या सोबत कराव्यात.”

आजाराचे नाव लिहिले की प्रयोगशाळेतही हालचाल होते. अहवाल फाइलमध्ये न ठेवता फोन करावा, कारण तीव्र आजारात एका रात्रीचा उशीरही जिवावर बेततो.

टप्पा 10: प्रयोगशाळेला कळवणे

विनंतीपत्रावर संशयित आजार लिहिलाच पाहिजे, याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे हा जिवाणू कल्चरच्या नेहमीच्या माध्यमांवर हळू वाढतो आणि ‘स्यूडोमोनास’ किंवा ‘दूषित नमुना’ म्हणून फेकला जातो. या जिवाणूसाठीचे खास अॅशडाउन माध्यम वापरून प्लेट 7 दिवस राखली तर तो हाती लागण्याची शक्यता वाढते. दुसरे म्हणजे तंत्रज्ञांची सुरक्षितता: संशयित प्लेट कधीही हुंगू नये आणि ती सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळावी.

ऑक्सिडेज चाचणीत पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण को-अॅमॉक्सिक्लॅव्हला दाद देणारा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आला, तर तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय असण्याची दाट शक्यता असते. पुढील खात्री संदर्भ प्रयोगशाळेत करावी.

सावधान: कल्चरची संवेदनक्षमता सुमारे 60 टक्केच आहे, म्हणजे आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण साठांतच ते पॉझिटिव्ह येते. एक निगेटिव्ह अहवाल आल्यावर शंका मिटवू नये. खुणा जुळत असतील तर नमुने पुन्हा पाठवावेत, आणि त्यांत घशाचा व गुदद्वाराचा स्वॅबही घ्यावा.

टप्पा 11: उपचार सुरू झाल्यावरच्या फिल्म

सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम ही शिरेतून द्यायची प्रतिजैविके सुरू झाल्यावरही ताप उतरायला साधारण 9 दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात डाग थोडे वाढलेले किंवा नवी पोकळी पडलेली दिसली म्हणून औषध फसले असे लगेच ठरवू नये आणि औषध बदलण्याचा सल्ला अहवालात लिहू नये. त्याऐवजी तीन गोष्टी नेमक्या शोधाव्यात: फुप्फुसाभोवती नव्याने जमलेला पू, पोटातले न काढलेले गळू आणि मध्यछातीतल्या गाठी. ऑक्सिजनची गरज कमी होत असेल आणि रक्ताचे कल्चर निर्जंतुक झाले असेल, तर फिल्म मागे राहिली तरी चालते.

शिरेतली औषधे संपवून को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक फिल्म घ्यावी आणि ती पुढच्या तुलनेसाठी आधार म्हणून जपावी. गोळ्यांचा कोर्स साधारण 3 महिन्यांचा असतो. बरे वाटू लागताच तो सोडणाऱ्यांत आजार उलटतो. म्हणून त्या काळात ताप परतला तर नवी फिल्म याच आधाराच्या फिल्मशेजारी लावून वाचावी, आणि पोटाची तपासणीही त्याच दिवशी पुन्हा करावी.